इंडोनेशिया: तेलाच्या टेकूपासून निकेलच्या टेकूपर्यंत

अख्ख्या देशाचा डोलारा एकाच टेकूवर उभा असणं धोक्याचं, हे कुठल्याही अर्थमंत्र्याला सांगावं लागत नाही. तरीही बदल होत नाही, आणि झालाच तर भलत्याच वेळी होतो. हे का घडतं ते समजून घ्यायला इंडोनेशियाइतकं बोलकं प्रकरण मिळणं कठीण आहे. सत्तावीस-अठ्ठावीस कोटी लोकसंख्या आणि सतरा हजारांवर बेटं असलेल्या या देशाने गेल्या पन्नास वर्षांत वाढीचा आधार दोनदा बदलायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा हात रिकामे झाले म्हणून, दुसऱ्यांदा ठरवून, गाजावाजा करून. माझं मत आधीच सांगून टाकतो: नाइलाजाने केलेला बदल जास्त खोलवर रुजला. ठरवून केलेल्या बदलाचे आकडे मोठे आहेत, पण त्याला वैविध्य म्हणावं का, याबद्दल मला शंका आहे.

तेलाचा पैसा आला तेव्हा

१९६६ साली इंडोनेशियात महागाईचा दर ६०० टक्क्यांच्या वर गेला होता. पहिले अध्यक्ष सुकार्नो यांची सद्दी संपत होती आणि जनरल सुहार्तो सत्तेवर पकड बसवत होते. सुहार्तोंना अर्थशास्त्र कळत नव्हतं, पण कळणारी माणसं हाताशी ठेवायची अक्कल त्यांना होती. विद्जोयो नितिसास्त्रो, अली वर्धना, एमिल सलीम या मंडळींपैकी बरेच जण कॅलिफोर्नियात बर्कलीला शिकून आलेले, म्हणून टीकाकारांनी त्यांचं नाव पाडलं ‘बर्कली माफिया’. त्यांनी सरकारी खर्चाला लगाम घातला, महागाई आटोक्यात आणली.

मग १९७३-७४ मध्ये तेलाचे भाव चौपट झाले. तिजोरी भरली की हिशेबनीस माणसांचं कोण ऐकतो? सरकारी तेल कंपनी पर्टामिनाचे प्रमुख इब्नू सुतोवो यांनी पोलाद, टँकर, हॉटेलं असा भलताच पसारा मांडला. १९७५ मध्ये पर्टामिनाला परदेशी बँकांचे हप्ते फेडता येईनात. कंपनीच्या डोक्यावर १० अब्ज डॉलरपेक्षा जास्त देणं निघालं आणि ते सरकारला अंगावर घ्यावं लागलं.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही तेलवाल्या देशाची वाटेल. इंडोनेशियाची वाट नायजेरियापेक्षा वेगळी झाली ती पुढे. तेलाच्या पैशातला चांगला मोठा वाटा खतं, पाटबंधारे आणि खेड्यातल्या शाळांवर गेला. १९७३-७४ ते १९७८-७९ या काळात ६१ हजारांवर प्राथमिक शाळा बांधल्या गेल्या. पुढे नोबेल मिळालेल्या अर्थतज्ज्ञ एस्थर दुफ्लो यांनी याच शाळांचा अभ्यास केला, आणि त्यात शिकलेल्या मुलांचं शिक्षण व पुढची मजुरी दोन्ही वाढल्याचं दाखवून दिलं. सत्तरच्या दशकात जगात सर्वाधिक तांदूळ आयात करणाऱ्यांत मोडणारा हा देश १९८४ मध्ये तांदळात स्वयंपूर्ण झाला.

आणखी एक निर्णय मला या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. नोव्हेंबर १९७८ मध्ये, डॉलरची चणचण नसताना, सरकारने रुपियाचं मोठं अवमूल्यन केलं. कारण असं की तेलाचे डॉलर येत राहिले की देशी चलन महाग पडू लागतं. मग रबर, कॉफी, कापड विकणाऱ्यांना परदेशात भाव परवडत नाही आणि तेल सोडून बाकी सगळं हळूहळू मरतं. अर्थशास्त्रात याला ‘डच रोग’ म्हणतात. रोग अंगात भिनायच्या आधी औषध घेणारे देश फार थोडे. सुहार्तोंच्या अर्थतज्ज्ञांनी ते घेतलं आणि शिव्याही खाल्ल्या.

तेल घसरलं तेव्हा

तरीही १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला निर्यातीतला जवळपास चार पंचमांश आणि सरकारी उत्पन्नातला दोन तृतीयांशाहून जास्त भाग तेल-वायूचाच होता. शाळा बांधून झाल्या, तांदूळ पिकला, पण टेकू तोच. तेलाचे भाव १९८२ नंतर उतरू लागले आणि १९८६ मध्ये काही महिन्यांतच निम्म्याहून खाली आले.

आता अर्थतज्ज्ञांना पुन्हा मान मिळाला. मार्च १९८३ आणि सप्टेंबर १९८६ मध्ये रुपियाचं आणखी दोनदा अवमूल्यन झालं. दुसऱ्या वेळी एका डॉलरचे सुमारे ११३४ रुपिया होते ते एका फटक्यात १६४४ झाले. मोठमोठे सरकारी प्रकल्प बासनात गेले. करपद्धती सुटसुटीत करून एप्रिल १९८५ पासून १० टक्क्यांचा मूल्यवर्धित कर लागू झाला, म्हणजे तेल नसलं तरी सरकार चालेल याची पहिली तजवीज.

सगळ्यात धीट पाऊल मात्र बंदरात पडलं. जकार्ताचं तांजुंग प्रियोक बंदर म्हणजे लाचखोरीचं आगर. तिथे अडकलेला कंटेनर सोडवायचा तर टेबलाटेबलावर हात ओले करावे लागत. परदेशातून सूत किंवा रबरी तळवे मागवून, त्याचे शर्ट-बूट शिवून परत परदेशी पाठवणाऱ्या कारखानदाराला अशा बंदरातून धंदा करणं अशक्य. १९८५ मध्ये सुहार्तोंनी स्वतःच्याच जकात खात्याचे अधिकार काढून घेतले आणि आयात मालाची तपासणी एसजीएस या स्विस कंपनीकडे सोपवली. माल जिथे जहाजात चढतो तिथेच तपासायचा, शिक्का तिथेच मारायचा. सार्वभौम सरकारने आपलं खातं असं गुंडाळून ठेवणं नामुष्कीचं होतं, आणि खातं साफ करणं जमत नाही याची ती कबुलीही होती. पण माल हलू लागला. पुढच्या वर्षी निर्यातदारांना कच्च्या मालावरचं आयात शुल्क माफ करायची किंवा परत द्यायची सोय झाली.

नशिबाने वेळही जुळली. १९८५ मध्ये बड्या देशांनी डॉलरचा भाव उतरवायचं ठरवलं, त्या प्लाझा करारानंतर जपानचा येन वधारला. पाठोपाठ कोरिया आणि तैवानमध्येही मजुरी वाढत गेली. तिथले बूट, कपडे, खेळणी बनवणारे कारखानदार स्वस्त मजूर शोधत होते. ते जकार्ताजवळच्या तांगेरांग आणि बेकासीत उतरले. आपल्याकडची काही घराणी तर त्याआधीच तिथे पोहोचली होती. आदित्य बिर्ला समूहाने १९७३ मध्ये तिथे एलिगंट टेक्स्टाइल ही सूतगिरणी काढली, १९७५ मध्ये लोहिया कुटुंबाने इंडोरामा सुरू केली. भारतात लायसन्स-परमिटच्या जाचात जे करता येत नव्हतं ते ही मंडळी जावात जाऊन करत होती.

नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत निर्यातीतला तेल-वायूचा हिस्सा एक चतुर्थांशाच्या आसपास आला. त्याची जागा कापड, तयार कपडे, बूट आणि प्लायवूड यांनी घेतली. १९७६ मध्ये सरकारी मोजमापानुसार शंभरातले चाळीस लोक दारिद्र्यरेषेखाली होते, १९९६ मध्ये अकरा. पुढे मोजायची पद्धत कडक केल्यावर हा आकडा वर सरकला, पण घसरणीची दिशा कुणी नाकारत नाही. कारण साधं आहे. बुटाच्या कारखान्यात हजारो हात लागतात आणि खेड्यातल्या शाळेत पाच-सहा इयत्ता शिकलेल्या मुलीला तिथे काम मिळतं. त्या ६१ हजार शाळांचं पीक इथे कापलं गेलं.

या यशाला काळी बाजू होती. मजुरी तुटपुंजी होती, आणि सरकारमान्य एकच कामगार संघटना चालायची. १९९३ मध्ये पूर्व जावातल्या सिदोआर्जोच्या घड्याळ कारखान्यातली कामगार मार्सिना संपानंतर गायब झाली आणि तिचा मृतदेह सापडला. तिला मारणाऱ्यांना शिक्षा झाली नाही. वरच्या मजल्यावर वेगळाच खेळ चालू होता. प्लायवूडची नाडी सुहार्तोंचे मित्र बॉब हसन यांच्या हाती, तर ‘राष्ट्रीय मोटार’ बनवायचा मक्ता धाकटे चिरंजीव टॉमी यांच्याकडे. तंत्रज्ञानमंत्री हबीबी यांचं एन-२५० हे विमान ऑगस्ट १९९५ मध्ये आकाशात झेपावलं, तेव्हा देशाची छाती फुगली. विकलं मात्र एकही गेलं नाही.

१९९७-९८ च्या संकटाबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की इथे दोनच ओळी पुरेत. १९८८ नंतर कुणीही उठून बँक काढू लागला होता, कंपन्यांनी डॉलरमध्ये कर्जं उचलली होती. डॉलर २४०० रुपियांवरून पुढच्या जूनपर्यंत १६ हजारांवर गेला, १९९८ मध्ये अर्थव्यवस्था १३ टक्क्यांनी आकसली आणि २१ मे रोजी सुहार्तोंनी राजीनामा दिला. डोलारा कोसळला तो बँकांमुळे आणि डॉलरच्या कर्जांमुळे. बुटाच्या कारखान्यांचा त्यात दोष नव्हता, पण भरडले तेही गेले.

कोळसा आणि पामतेल: सोपी वर्षं

२००० नंतर चीन आणि भारताची भूक वाढली आणि इंडोनेशियाला पुन्हा जमिनीतून पैसा मिळू लागला. तेल मात्र आटत चाललं होतं. देश तेलाचा निव्वळ आयातदार झाला आणि २००८ च्या अखेरीस ‘ओपेक’ या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेतून बाहेर पडला. त्याची जागा कोळसा आणि पामतेलाने घेतली. औष्णिक कोळशाच्या निर्यातीत आणि पामतेलाच्या उत्पादनात इंडोनेशिया जगात पहिला झाला. राष्ट्रीय उत्पन्नातला कारखानदारीचा हिस्सा २००१-०२ च्या सुमारास तीस टक्क्यांच्या आसपास होता, तो पुढे घसरत वीसच्याही खाली आला. देश श्रीमंत व्हायच्या आधीच कारखाने मागे पडू लागले.

या काळाची झळ आपल्याकडेही पोहोचली. मुंबईच्या टाटा पॉवरने २००७ मध्ये काल्टिम प्रिमा कोल आणि अरुत्मिन या इंडोनेशियन खाण कंपन्यांत ३० टक्के वाटा घेतला. मुंद्र्याच्या वीजप्रकल्पाला स्वस्त कोळसा मिळावा हा हेतू, आणि त्या विजेच्या गिऱ्हाइकांत महाराष्ट्रही होता. पुढे इंडोनेशियाने नियम केला की कोळसा जागतिक भावाला जोडलेल्या दरापेक्षा स्वस्त विकायचा नाही. मुंद्र्याचं गणित कोलमडलं. टाटा आणि अदानी दोघांनीही वाढीव दर मागितला, पण परदेशातला कायदा बदलला म्हणून इथला वीज करार बदलणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये दिला. पामतेलाचं तसंच. एप्रिल २०२२ च्या अखेरीस जकार्ताने आपल्या लोकांना तळणाचं तेल परवडावं म्हणून निर्यात तीनेक आठवडे थांबवली, तेव्हा इथल्या फरसाणवाल्यांच्याही काळजाचा ठोका चुकला. रेशनच्या रांगेत पामतेल घेतलेल्या पिढीला हे तेल कुठून येतं याचा विचार कधी करावा लागला नव्हता.

मग निकेल

आता दुसरं वळण. २००९ च्या खाण कायद्यात एक कलम होतं: खनिज कच्चं विकायचं नाही, देशातच प्रक्रिया करायची, त्यासाठी पाच वर्षांची मुदत. बहुतेकांना वाटलं, असे कायदे येतात आणि जातात. १२ जानेवारी २०१४ ला बंदी खरोखर लागू झाली. २०१७ मध्ये ती सैल केली गेली, आणि अध्यक्ष जोको विदोदो, म्हणजे जोकोवी, यांनी १ जानेवारी २०२० पासून, स्टेनलेस स्टीलला आणि मोटारींच्या बॅटऱ्यांना लागणाऱ्या निकेलसाठी, पुन्हा आवळली.

निकेलच का, हे समजायला ती माती डोळ्यांसमोर आणायला हवी. सुलावेसी आणि हालमाहेरा बेटांवरचं निकेल खडकात नसतं, लाल-तपकिरी ओल्या मातीत असतं. शंभर टन मातीत निकेल दीड-दोन टन, आणि तीसेक टन नुसतं पाणी. म्हणजे कच्चा माल चीनला पाठवणं म्हणजे मुख्यतः चिखल आणि पाणी जहाजात भरून पाठवणं. भट्टी खाणीशेजारी असणं स्वाभाविकच फायद्याचं. फक्त भट्टीसाठी लागणारा पैसा आणि वीज तिथे नव्हती. दोन्ही चीनच्या चिंगशान या पोलाद कंपनीने आणली. २०१३ मध्ये शी जिनपिंग जकार्ताला आले असताना मध्य सुलावेसीतल्या मोरोवालीच्या औद्योगिक वसाहतीचा करार झाला, आणि २०१५ मध्ये तिथली पहिली भट्टी पेटली. माती आधी फिरत्या भट्टीत वाळवायची, मग विजेच्या भट्टीत वितळवायची, आणि तो तापलेला रस थंड होऊ न देता शेजारच्या स्टेनलेस स्टीलच्या कारखान्यात ओतायचा. मधला खर्च वाचतो, आणि त्या भावात पोलाद बनवणं इतरांना अवघड जातं.

परिणाम डोळे दिपवणारे आहेत. जगातल्या खाणीतून निघणाऱ्या निकेलपैकी निम्म्याहून जास्त आता एकट्या इंडोनेशियातून येतं. कच्च्या निकेलच्या निर्यातीतून १७ लाख कोटी रुपिया मिळायचे, आता प्रक्रिया केलेल्या मालातून ५१० लाख कोटी मिळतात, असं जोकोवी २०२३ मध्ये सांगत होते. युरोपीय संघाने जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये निकाल इंडोनेशियाच्या विरोधात गेला. जकार्ताने अपील केलं. अपिलाचं पीठ न्यायाधीशांअभावी बंदच असल्याने प्रकरण तिथेच पडून राहिलं. गंमत अशी की मुक्त व्यापाराचे धडे देणाऱ्यांनी ज्या गोष्टीला नावं ठेवली, तीच पाहायला आफ्रिकेतले आणि आशियातले मंत्री रांग लावू लागले.

हिशेब मांडला तर

जोकोवींच्या त्या आकड्यावर जाहीर बोट ठेवलं ते फैसल बस्री या अर्थतज्ज्ञाने. ते २०२४ मध्ये गेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: तुम्ही निर्यातीची एकूण किंमत सांगता, देशात उरतं किती ते सांगा. भट्ट्या चिनी भांडवलाच्या, कर्ज चिनी बँकांचं, यंत्रं चिनी. नव्या उद्योगाला वीस वर्षांपर्यंत आयकर माफ. वर निर्यातबंदीमुळे देशातल्या खाणवाल्याला माती जागतिक भावापेक्षा स्वस्तात भट्टीवाल्याला विकावी लागते. म्हणजे इंडोनेशियन खाणवाला चिनी भट्टीवाल्याला सवलत देतो. सरकारने हे खोडून काढायचा प्रयत्न केला, पण शुद्धीकरणाच्या क्षमतेपैकी सुमारे तीन चतुर्थांश चिनी कंपन्यांच्या हातात आहे, हे नंतरच्या अभ्यासांतही दिसलं.

मला फैसल यांचा सूर जरा टोकाचा वाटतो. कर उद्या मिळेल, कारागीर तयार होतील, हेही खरं आहे. पण स्थानिक पातळीवर पाहिलं की त्यांचा मुद्दा जड होतो. निकेलमुळे उत्तर मालुकू प्रांताचं उत्पन्न २०२२ आणि २०२३ अशी सलग दोन वर्षं २० टक्क्यांच्या वर वाढलं. कागदावर जगातल्या सगळ्यात वेगवान प्रदेशांपैकी एक. मध्य सुलावेसीतही तेव्हा वाढ दोन आकडी होती, आणि तरी त्या प्रांतातली गरिबी २०२३ मध्ये १२ टक्क्यांच्या वर, राष्ट्रीय सरासरीपेक्षा जास्त.

मोरोवालीच्या वसाहतीत ८० हजारांवर लोक काम करतात. बाहोदोपीसारख्या, कालपर्यंत मासेमारीवर जगणाऱ्या किनाऱ्यावर पाळी सुटली की मोटारसायकलींचा पूर लोटतो, भाड्याच्या खोल्यांच्या रांगा, मोबाइलची दुकानं, धूळ. पगार जावातल्या शिलाई कारखान्यापेक्षा चांगला. पण भट्ट्या खाजगी कोळसा वीजकेंद्रांवर चालतात, आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या एका भट्टीत झालेल्या स्फोटात २१ कामगार दगावले. इलेक्ट्रिक मोटारीच्या ‘स्वच्छ’ बॅटरीचं निकेल कोळशाच्या धुरात तयार होतं, हे मोटार विकणाऱ्याच्या जाहिरातीत नसतं.

आता दुसरीकडे पाहा. मध्य जावातली स्रीतेक्स ही कापड उद्योगातली मोठी कंपनी, अनेक देशांच्या लष्करांना गणवेश पुरवणारी. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती दिवाळखोर ठरली, मार्च २०२५ मध्ये टाळं लागलं आणि दहा हजारांवर माणसं घरी बसली. जावात कापडाच्या आणि बुटांच्या इतर कारखान्यांतही कपात चालू होती. इथे मला पहिल्या आणि दुसऱ्या वळणातला फरक दिसतो. १९८६ नंतर जी वाढ झाली तिचे हजारो छोटे-मोठे मालक होते, गिऱ्हाइकं अमेरिकेपासून युरोपपर्यंत पसरलेली होती, आणि कारखाने जावात होते, जिथे निम्म्याहून जास्त देश राहतो. निकेलची वाढ दोन-तीन बेटांवर, मूठभर कंपन्यांत, एकाच गिऱ्हाइकासाठी. निर्यातीच्या यादीत नवं नाव आलं, टेकू पुन्हा एकच.

त्याचे परिणाम मध्यमवर्गाच्या मोजणीत उमटले आहेत. सरकारी सांख्यिकी खात्यानुसार २०१९ मध्ये मध्यमवर्गात ५ कोटी ७३ लाख लोक होते, २०२४ मध्ये ४ कोटी ७८ लाख. कोविड हे एक कारण, पण एकमेव नाही. काम करणाऱ्यांपैकी जवळपास साठ टक्के असंघटित क्षेत्रात आहेत. कारखान्यातून सुटलेला तरुण बहुधा गोजेकचं हिरवं जाकीट घालून मोटारसायकलवर प्रवासी आणि जेवणाचे डबे वाहतो. अर्थव्यवस्था दरसाल पाच टक्क्यांनी वाढते, ना जास्त ना कमी, आणि तरी घराघरांत चणचण.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेले अध्यक्ष प्रबोवो सुबियांतो यांना आठ टक्के वाढ हवी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी सरकारी कंपन्यांची मालकी एकत्र करणारा ‘दानांतारा’ हा निधी उभा केला. निकेलचा धडा बॉक्साइटला लागू झालाच आहे, तांब्यावरही तोच प्रयोग चालू आहे. शालेय मुलांना मोफत जेवण हा त्यांचा दुसरा मोठा खर्च. जावातल्या शिलाई मशीनवर बसणाऱ्या हातांसाठी काय, याचं उत्तर मला त्यांच्या योजनांत सापडलेलं नाही. १९८५ मध्ये बंदर साफ करून जे साधलं, तसं काहीतरी आज विजेच्या दरात, जमिनीच्या परवान्यांत, गावगुंडांच्या खंडणीत करावं लागेल. त्यात फीत कापायला भट्टी नसते, म्हणून कदाचित कुणाला ते आवडत नाही.

निकेलचं स्वतःचंही सगळं आलबेल नाही. इंडोनेशियाने इतकं उत्पादन वाढवलं की भाव पडले. ऑस्ट्रेलियात बीएचपीने २०२४ मध्ये आपल्या निकेल खाणी थांबवल्या, न्यू कॅलेडोनियात भट्टी बंद पडली. प्रतिस्पर्धी संपले, पण पडेल भावाचा फटका स्वतःच्या तिजोरीलाही बसला. शिवाय चिनी मोटार कंपन्या निकेल अजिबात न लागणाऱ्या लोह-फॉस्फेट बॅटऱ्यांकडे वळल्या आहेत. आणि भट्ट्या इतक्या झाल्या आहेत की घरच्या खाणींचा माल त्यांना पुरत नाही. २०२४ मध्ये इंडोनेशियाने फिलिपिन्समधून लाखो टन कच्चं निकेल आयात केलं. ते पाहून मनिलाच्या संसदेतही कच्च्या मालाच्या निर्यातबंदीचं विधेयक आलं होतं. जून २०२५ मध्ये ते कलम वगळण्यात आलं, आणि जहाजं मोरोवालीकडे जात राहिली.